आधी आडवी, मग उभी : सालदारांच्या खोल्यांसाठी विटांची पॅनेलं

काळी जमीन केळी-कापसाला जेवढी चांगली, घराला तेवढीच अवघड. आमच्या चोपडा तालुक्यात, तापीपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, वैशाखात शेतात इतक्या रुंद भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की तीच माती पाणी पिऊन फुगते आणि भेगा मिटतात. दरवर्षी जमीन अशी वर-खाली होते आणि तिच्यावर टेकलेली भिंतही तिच्याबरोबर हलते. म्हणून पक्क्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला तडा दिसला की आमच्याकडे लोक आधी विचारतात, ‘पाया मुरमापर्यंत नेला होता का?’ जुन्या माणसांनी पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती घातल्या आणि वर मातीचं सपाट धाबं टाकलं. माती थोडीफार हालचाल सोसून घेते आणि भेग पडलीच तर दिवाळीआधी घरातल्या बाया ती लिंपून टाकतात. सिमेंटात बांधलेली वीट असं सोसत नाही, ती तडकते.

मला शेतात सालदारांसाठी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राहून काम करणाऱ्यांसाठी, खोल्या बांधायच्या होत्या. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पालटतं. जुना हिशोब मिटतो, नवा बोल होतो, आणि नवं कुटुंब बिऱ्हाड घेऊन शेतावर येतं. आमच्याकडे येणारी बहुतेक कुटुंबं सातपुड्यातल्या पावरा समाजाची. आतापर्यंत त्यांच्यासाठी पत्र्याची खोली होती. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ पर्यंत जातो, तेव्हा त्या खोलीत दुपारी लेकरू निजवता येत नाही. ती माणसं दिवसभर निंबाखाली बसून काढायची. ज्यांच्या भरवशावर आपण उभी बाग सोडून गावात निर्धास्त झोपतो, त्यांना असल्या खोलीत ठेवणं मला पटत नव्हतं. दादांचंही तेच म्हणणं होतं. फक्त ‘काळ्या मातीत पैसा गाडू नको’ एवढं त्यांनी बजावलं होतं.

माझा भाचा जळगावला सिव्हिलचं काम करतो. तो म्हणाला, “मामा, भिंत मातीला टेकवायचीच नाही.” रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच एक पाया विकसित केला आहे, त्याला अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. गिरमिटाने अरुंद खोल खड्डा घ्यायचा, तळाशी तो फुगवून रुंद करायचा आणि काँक्रीटने भरायचा. हा खालचा फुगवटा साधारणपणे वरच्या व्यासाच्या अडीच पट असतो. सुमारे साडेतीन मीटरच्या खाली काळी माती फारशी फुगत-आकसत नाही, म्हणून पाइल तिथपर्यंत न्यायचा. वरची माती कितीही उचलली तरी खालचा फुगवटा पाइलला जागेवर धरून ठेवतो. पाइलवर खांब, खांबांना जोत्याशी जोडणारा आडवा प्लिंथ बीम, आणि तो बीमही मातीपासून निदान ८ सेंटिमीटर वर. म्हणजे माती फुगली तरी तिला फुगायला मोकळी जागा राहते.

पण मग बीमवर बसणारी भिंत हलकी हवी, आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत एकसंध हवी. साधी चार इंची भिंत दाबाला चांगली असते, वाकवली की उघडते. तिथे सळई लागते. वीटकामात लोखंड घालणं ही काही नवी गोष्ट नाही. १८२५ मध्ये लंडनला थेम्स नदीखालच्या बोगद्याचं काम सुरू करताना मार्क ब्रुनेलने विटांची गोल विहीर जमिनीवर बांधली होती, तिच्यात लोखंडी गज आणि पट्ट्या घातल्या होत्या, आणि मग ती सगळीच्या सगळी जमिनीत उतरवली. आपल्याकडे १९२० च्या दशकात सरकारी बांधकाम खात्यात सळईच्या वीटकामावर चाचण्या झाल्या. १९३५ च्या क्वेट्टा भूकंपानंतर तर विटांमध्ये पोकळी सोडून तिच्यात उभ्या सळया घालायची पद्धतच त्या गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. छपरासाठी विटांची तयार पॅनेलं रुरकीच्याच संस्थेने विकसित केली आणि १९९४ मध्ये त्यांचं भारतीय मानक आलं, आयएस १४१४३. भाच्याने ती छपराची पद्धत समोर ठेवली आणि भिंतीसाठी तिचं माप बदललं: विटा साच्यात आडव्या मांडून, सळई आणि माल घालून पॅनेल जमिनीवरच तयार करायचं आणि मग उभं करून भिंतीत बसवायचं. हिशोब त्याने मांडला, काम मी आणि आमच्या मिस्तरींनी केलं.

आमच्या भागातली वीट नऊ इंच लांब, चार इंच रुंद, तीन इंच जाड. एका थरात सात विटा आणि एक अर्धी असं धरलं तर पॅनेलची लांबी १.८ मीटर होते. असे सहा थर, म्हणजे सांध्यांसकट ५५ सेंटिमीटर उंची आणि ४५ विटा. भिंतीची जाडी विटेच्या रुंदीएवढीच, चार इंच. दुसऱ्या आणि चौथ्या सांध्यात ८ एमएमची एकेक सळई. असं एक पॅनेल पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतं. पाच पॅनेलं एकावर एक ठेवली की नऊ फुटांची भिंत होते. माप यापेक्षा मोठं घेतलं असतं तर क्रेन लागली असती, आणि केळीच्या बागेतून क्रेन न्यायला रस्ता नाही. शेतावर जी माणसं आणि जे सामान असतं त्यात उचलता येईल एवढंच वजन ठेवायचं, असं आम्ही आधीच ठरवलं होतं.

साचा चोपड्यात वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. चार इंची लोखंडी चॅनेलचे चार तुकडे, कोपऱ्यात पाचर मारून आवळायचे. दोन्ही आखूड बाजूंना सळई जाईल एवढी भोकं पाडली, बरोबर जाडीच्या मध्यावर. ही भोकं मला या सगळ्या साच्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. सळई कुठे बसणार हे माणसाच्या नजरेवर सोडलं की ती हमखास खाली बसते किंवा एका कडेला सरकते. भोकात अडकवली की ती हलतच नाही. भिंतीवर वारा दोन्ही बाजूंनी येतो, म्हणून सळई मधोमध. शिवाय सांधा चांगला ३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे सळईच्या दोन्ही अंगांना सेंटिमीटरभर माल राहतो. ही रुंदी पाहून पहिल्यांदा मिस्तरींना राग आला होता. आयुष्यभर त्यांनी बारीक, एकसारखा सांधा काढण्यात नाव कमावलं, आणि मी त्यांना बोटाएवढे सांधे ठेवायला सांगत होतो. त्यांना मी एक जुना तुकडा दाखवला. एका पाडलेल्या भिंतीत कोणीतरी बारीक सांध्यात सळई दाबून घातली होती. ती गंजून जाडीने वाढली होती आणि तिनेच आतून वीट फोडली होती. ओली वीट सळईला चिकटली की गंज चुकत नाही. मिस्तरींनी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, काही बोलले नाहीत, आणि ३ सेंटिमीटरच्या लाकडी पट्ट्या स्वतः रंधून आणल्या.

विटा निवडायला सर्वांत जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. आयएस १०७७ प्रमाणे साध्या भाजलेल्या विटेने चोवीस तास पाण्यात राहून स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. किराणा दुकानातल्या काट्यावर कोरडी वीट मोजायची, रात्रंदिवस बादलीत ठेवायची, पुसून पुन्हा मोजायची. २ किलो ८०० ग्रॅमची वीट ३ किलो ३६० ग्रॅमच्या वर गेली की ती नको. एका भट्टीची वीट दिसायला लालबुंद होती, पण ती वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढं पाणी प्यायली. नखाने ओरखडा पडत होता आणि दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर भद्द आवाज यायचा. ती गाडी आम्ही उतरवूनच घेतली नाही. मग तापीकाठच्या दुसऱ्या भट्टीवर जाऊन, भट्टीच्या मधल्या थरातली वीट डोळ्यांसमोर निवडून आणली. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या राखेपासून केलेल्या विटाही पाहिल्या. त्या मापाला फार सरळ असतात आणि पॅनेलला मापाची सरळ वीट म्हणजे निम्मं काम. पण आमच्या गावापर्यंत त्यांचं भाडं परवडेना. दीपनगरच्या जवळ राहणाऱ्याने हे काम करायचं तर त्याने त्याच विटा आधी तपासून पाहाव्यात, असं मी सांगेन.

पाण्याचाही विचार करावा लागला. शेतातल्या बोअरचं पाणी खारट, त्याने जमिनीलगतच्या जुन्या भिंतींना लोणा लागलेला सगळ्यांनी पाहिला आहे. सळई असलेल्या कामात ते पाणी नकोच. माल कालवायला आणि विटा भिजवायला विहिरीचं गोडं पाणी टाकीने आणलं. वाळू चाळून घेतली. काचेच्या बाटलीत वाळू आणि पाणी हलवून ठेवलं की वर मातीचा थर किती बसतो ते कळतं. तो थर जाड आला ती वाळू प्लास्टरलाही वापरली नाही.

आखाजी जवळ येत होती तसं ऊन वाढत होतं. म्हणून पॅनेल भरायचं काम पहाटे, उजाडायच्या आधी सुरू करायचो आणि नऊच्या आत आटोपायचो. विटा आदल्या संध्याकाळपासून हौदात. सकाळी हौदाजवळ उभं राहिलं की बुडबुड्यांचा बारीक आवाज येत असायचा. मी घाई केली की मिस्तरी म्हणायचे, “भाऊ, इटा आखो पानी पी ऱ्हायन्यात.” बुडबुडे थांबेपर्यंत ते विटेला हात लावू देत नसत. मग विटा काढून निथळत ठेवायच्या, वरचा ओलेपणा जाईपर्यंत. ओली चकचकीत वीट माल धरत नाही, आणि कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते, त्यातल्या सिमेंटला जमायलाच पाणी उरत नाही. असा सांधा दुसऱ्या दिवशी खिळ्याने खरवडला की भुगा पडतो. या दोन्हींच्या मधली वीट हाताला गार लागते, पण हात ओला होत नाही. कामावरच्या बायांना ही वेळ आमच्यापेक्षा लवकर ओळखू यायला लागली.

खाली गुळगुळीत कोबा केलेला ओटा, पाणसळीने तपासलेला. सेंट्रिंगला लावतात ते जळकं ऑइल आम्ही लावलं नाही, कारण विटेचं तोंड खाली असतं आणि तेच भिंतीचं बाहेरचं तोंड होणार, तिथे काळे डाग नकोत. प्लास्टिकचा कागद अंथरायचा, त्यावर सेंटिमीटरभर कोरडी चाळलेली वाळू पसरायची आणि पट्टीने सारखी करायची. या वाळूत विटा तोंड खाली करून, कडेवर बसवायच्या. वाळूचा फायदा असा की माल पार तळापर्यंत वाहत जात नाही, विटेचं तोंड स्वच्छ राहतं आणि सांधा आपोआप थोडा आत बसतो. नंतर दरज भरायला तीच खाच उपयोगी पडते. विटा कितीही वेड्यावाकड्या असल्या तरी खालचं तोंड एका पातळीत येतं. सगळा उंचसखलपणा वर राहतो, आणि ती बाजू खोलीच्या आत प्लास्टरखाली जाते.

थरांमध्ये लाकडी पट्ट्या ठेवून विटा रांगेत आणायच्या, साचा आवळायचा, सळया भोकांतून ओवायच्या. सळईची टोकं दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर राहू द्यायची. मग पट्ट्या काढून अरुंद सांध्यांमध्ये सिमेंट-वाळूचा एकास तीनचा माल, आणि सळईच्या रुंद सांध्यांमध्ये १० एमएमची बारीक खडी घातलेलं काँक्रीट. ते नुसतं ओतून चालत नाही. बारीक सळईने सारखं खोचत राहायचं, सळईच्या खालीही माल गेला पाहिजे. मी या कामाला कोणी नसेल तेव्हा स्वतः बसायचो. खोचताना आधी हवा सुटल्यासारखा पोकळ आवाज येतो, मग तो बंद होतो आणि वर पाणी चमकतं. तो आवाज बंद झाल्याशिवाय पुढच्या वीतभर जागेकडे जायचं नाही. पॅनेल चांगलं की वाईट, हे इथेच ठरतं. एकदा उभं राहिलं की आत सळईभोवती काय आहे ते कोणालाच दिसत नाही.

एका पॅनेलला सिमेंट साधारण आठ-नऊ किलो लागतं, म्हणजे एका गोणीत पाच-सहा पॅनेलं. सळई पावणेदोन किलोच्या आसपास. हे आकडे पाहून पुष्कळ लोकांना आश्चर्य वाटतं, कारण पॅनेल म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर रेडीमेड कंपाउंडच्या सिमेंटच्या फळ्या येतात. आमच्याकडे त्या प्रत्येक प्लॉटला दिसतात. विटांचं पॅनेल त्याहून वेगळं आहे. त्यात मुख्य माल वीटच आहे, सिमेंट आणि लोखंड फक्त तिला एकत्र धरून ठेवतात.

क्युरिंगच्या बाबतीत मी कोणाचंही ऐकलं नाही. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट वापरलं तर निदान दहा दिवस ओलं ठेवावं असं आयएस ४५६ सांगतं, आणि ते साध्या हवेसाठी. आमच्या वैशाखातल्या वाऱ्यात ओलं गोणपाट तासाभरात कडक होतं. म्हणून गोणपाटावर केळीची वाळलेली पानं अंथरली. बागेत ती हवी तेवढी मिळतात. पानांखाली गोणपाट दुपारीही ओलसर राहायचं. शेजारच्या एका शेतकऱ्याने विचारलं की भिंतीला एवढं पाणी घालतोस, बागेला काय घालणार. मी त्याला पानं उचलून खालचा ओलावा दाखवला. पाणी खरंतर कमीच लागत होतं.

आता उचलायची गोष्ट. हे मला कोणी आधी सांगितलं नसतं तर समजलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितो. भाच्याने हिशोबात वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरला होता. त्या वाऱ्याचा दाब होतो दर चौरस मीटरला साधारण ९३ किलो. मे-जूनमधलं वादळ उभ्या केळीच्या बागा झोपवतं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे हा आकडा मला मोठा वाटला. पण पॅनेल आडवं असताना त्याचं स्वतःचंच वजन दर चौरस मीटरला १७० किलोच्या वर जातं. म्हणजे वादळ त्याला जेवढं वाकवेल, त्याच्या जवळपास दुप्पट ते नुसतं दोन टोकांना धरून आडवं उचललं तरी वाकतं. भिंतीत उभं राहिल्यावर त्याच्यावर कधीच येणार नाही एवढा ताण त्या उचलण्याच्या क्षणी येतो.

आम्ही एक पॅनेल मुद्दाम तपासायला ठेवलं. दोन टोकांखाली लाकडी ओंडके देऊन ते आडवं ठेवलं आणि वर विटा रचायला सुरुवात केली. भाचा खाली उताणा झोपून टॉर्चने पाहत होता. विटांचे पहिले थर चढत असतानाच मध्यावर, एका उभ्या सांध्यात, बारीक रेघ दिसली. मिस्तरींचा चेहरा उतरला. पण सळया आता कामाला लागल्या होत्या. विटा दीडशेच्या आसपास गेल्या, म्हणजे वर सव्वाचारशे किलो वजन, तरी पॅनेल तसंच. रेघ थोडी लांबली, रुंद झाली नाही. विटा उतरवल्या तेव्हा ती मिटून गेली, भाच्याने नख फिरवून दाखवलं. सळई नसती तर ते पॅनेल त्या पहिल्या रेघेच्या वेळीच दोन तुकडे होऊन पडलं असतं. तेव्हापासून मिस्तरी सळईच्या सांध्याबद्दल नव्या माणसाला माझ्याआधी समजावू लागले.

रेघ मिटली तरी ती पडू देऊ नये हेच बरं, कारण पाणी तिच्यातूनच सळईपर्यंत जातं. म्हणून पॅनेल टोकांना धरून उचलायचंच नाही. लांब कडेवर उभं करायचं. त्या दिशेने वाकायला फक्त ५५ सेंटिमीटर असतात, तिथे ताण फार थोडा पडतो. एकदा लांब कडेवर उभं राहिलं की मग ते दोन टोकांना दोर बांधून नेलं तरी धोका नाही, कारण आता त्याची पूर्ण उंची वजन पेलते. कामावरच्या एका मावशींनी हे एका वाक्यात सांगितलं: “कडेला धरून उचलली तर भाकर मोडते, उलथणं मधे घालावं लागतं.” आम्ही नेमकं तेच केलं. जाड फळ्यांचे पाट केले, एका कडेला बिजागरी, ते ओट्यावर ठेवायचे आणि पॅनेल पाटावरच भरायचं. दिवस भरले की चार माणसं पाट दुसऱ्या कडेने उचलून उभा करायचे, वाळू झरझर खाली गळायची आणि विटांची तोंडं पहिल्यांदा दिसायची. हे पाहायला दरवेळी सगळे हातातलं काम टाकून जमा व्हायचे.

ठेवतानाही पॅनेल आडवं रचायचं नाही. दोन लाकडांवर लांब कडेने, थोडं कलतं, आधाराला लावून. आडवी थप्पी लावली तर खालच्या पॅनेलवर वरच्या सगळ्यांचं वजन वाकवण्याच्या दिशेने येतं.

पाइलचं काम तोवर झालं होतं. खांबांचे पिंजरे उभे होते, अजून काँक्रीट भरलं नव्हतं. हे मुद्दाम होतं. तिकाटणं आणि चेनपुलीने पॅनेल उचलून दोन पिंजऱ्यांच्या मधे, प्लिंथ बीमवर मालाच्या थरात बसवायचं, ओळंबा लावायचा, टेकू द्यायचे. सळईची बाहेर आलेली टोकं पिंजऱ्यात वाकवून बांधायची. त्यावर दुसरं, तिसरं. पाची पॅनेलं बसली की मग खांब भरायचा. पॅनेलच्या कडाच दोन बाजूंनी खांबाचा साचा होतात, आणि खांब भरला की पॅनेल आणि तो एकजीव होतात. वीटकामात मिस्तरींच्या हाताखाली जे लोक रोज पाड बांधून चढायचे ते इथे जमिनीवरच होते. एका बाजूची संपूर्ण भिंत दुपारच्या जेवणाआधी उभी राहिली, तेव्हा दादा बांधावर खुर्ची टाकून बसले होते. “आते बरं शे,” एवढंच ते म्हणाले.

बीमखालची फट बुजवायचा मोह सगळ्यांना होतो. मातीने, विटांच्या तुकड्यांनी, कशानेही. ती बुजवली की पाइलवर केलेला सगळा खर्च वाया, कारण फुगणारी माती त्या भरावातून थेट बीमला ढकलते. पण उघडी ठेवली तर साप-विंचू आत शिरतात, आणि तिथे लेकरं राहणार. आम्ही बारीक जाळी लावली आणि बाहेरून शहाबादी फरशी तिरकी टेकवली, सिमेंटने जोडली नाही. माती वर आली तर फरशी नुसती सरकेल. आतल्या जमिनीखाली काळी माती काढून मुरूम भरला.

चार इंची भिंतीची एक उणीव आहे आणि ती लपवून उपयोग नाही. पांढऱ्या मातीच्या रुंद भिंतीत उन्हाळ्याच्या दुपारी जो गारवा असतो तो हिच्यात नाही. पश्चिमेची भिंत तर संध्याकाळपर्यंत तापून रात्री आत उष्णता सोडते. ज्यांच्यासाठी खोल्या बांधल्या त्यांचा पत्र्याचा त्रास घालवायचा आणि भिंतीचा सुरू करायचा, असं व्हायला नको होतं. म्हणून पश्चिमेला पॅनेलांच्या दोन रांगा उभ्या केल्या, मधे दोन इंचांची पोकळी ठेवून. दोन्ही रांगांना गंज न लागणाऱ्या तारेने जागोजाग बांधलं, आणि पोकळीत आलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून खालच्या थरात भोकं सोडली. त्या बाजूला पॅनेलं दुप्पट लागली. पण मे महिन्याच्या रात्री आतल्या भिंतीला हात लावला तेव्हा ती बाहेरच्या हवेइतकीच होती, तापलेली नव्हती. वर पत्राच आहे, त्याच्याखाली तूरकाठ्यांच्या ताट्या करून मातीने लिंपल्या. ही सूचना तिथे राहायला आलेल्या पावरा कुटुंबाची. त्यांच्या घरांत कुडाच्या भिंती अशाच असतात, आणि लिंपणही त्यांनीच केलं.

पाऊस लागला तेव्हा खोल्यांभोवतीची जमीन जशी फुगायची तशी फुगली. एका कोपऱ्यात शहाबादी फरशी बोटभर वर सरकली. बीमखाली अजून मोकळी जागा होती. सांधे मी एकेक करून पाहिले, खिडक्यांचे कोपरे पाहिले, तडा कुठे नाही. पहिल्या वादळात पत्र्याचे दोन स्क्रू निघाले, भिंतीला काही झालं नाही.

पुढच्या पॅनेलांमध्ये दोन बदल करतो आहोत. विजेच्या पाइपसाठी उभी भिंत टोचावी लागली, आणि त्यात एका ठिकाणी छिन्नी सळईच्या अगदी जवळ गेली. आता ज्या पॅनेलमधून पाइप जाणार आहे त्यात तो साच्यातच, अरुंद सांध्याच्या जागी घालून ठेवतो आणि त्या पॅनेलवर खडूने खूण करतो. दुसरं म्हणजे खिडकीवरच्या पॅनेलला सर्वांत खालच्या सांध्यात एक सळई जास्त, म्हणजे वेगळा लिंटल टाकावा लागत नाही. मिस्तरींनी त्यासाठी साच्याच्या आखूड चॅनेलला तिसरं भोक पाडून आणलं आहे. पाऊस उघडला की गावातल्या अंगणवाडीच्या कुंपणासाठी पॅनेलं भरायची आहेत, विटा बादलीत भिजत घातल्या आहेत, वजन उद्या होईल.